लोहचुंबक चिकटला म्हणून सायकल घेतली

मी देवगडचा. घरची हापूसची बाग आहे. दर एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याचे नातेवाईक फोन करतात, खरा देवगड ओळखायचा कसा? गेली वीस वर्षं मी एकच सांगतो: पेटीवर काय छापलंय ते वाचू नका. पेटी उघडा, आंबा हुंगा, देठाकडे बघा. हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी हायवेच्या कडेला भलत्याच आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापायचं काही थांबलं नाही. तर असा हा मी, स्टिकर वाचून सायकल घेतली. छत्तीस हजार पाचशेला.

दिवाळी झाली की मोहोर फुटून फवारण्या सुरू होईपर्यंत आम्हा बागायतदारांचे थोडे दिवस मोकळे असतात. त्या दिवसांत किनाऱ्याने देवगड ते गुहागर सायकलने जायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. गिअरची एक ॲल्युमिनियमची सायकल होती, पण तिला मागे कॅरिअर बसवायला भोकंच नव्हती. सामान लादून जायचं तर स्टीलची टूरिंग सायकल बरी, असं सगळे सांगत होते आणि ते चुकीचं नाही. स्टीलची फ्रेम वाकली, तडकली तरी गावातला वेल्डर काहीतरी जोडजाड करून घरापर्यंत पोचवतो. ॲल्युमिनियमला तो हात लावत नाही.

सायकलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली. 'क्रोमोली ४१३० डबल बटेड, टूरिंग रेडी, श्वाल्बे मॅरेथॉन प्लस टायर, कॅसेट हब, चेन नवीन.' क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं ताकदवान पोलाद, डबल बटेड म्हणजे मधे पातळ केलेल्या नळ्या, आणि श्वाल्बे मॅरेथॉन प्लस हा सहसा पंक्चर न होणारा टायर. फोटो सुंदर. किंमत बेचाळीस हजार. फोनवर माणूस गोड बोलला. आपण कुठे कुठे फिरलो ते सांगितलं, माझा बेत विचारला, तवसाळ-जयगड फेरीबोटीच्या वेळा स्वतःहून पाठवल्या. पाच हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिला. पैसे जाताना नाव वेगळंच दिसलं. विचारलं, तर म्हणे भावाचं अकाउंट. मी म्हटलं, असेल.

भेटायचं ठरलं नांदगाव तिठ्यावर, दुपारी चारला. तो आला सव्वासहाला. नोव्हेंबरातले सव्वासहा म्हणजे अंधारच. त्याला त्याच रात्री कोल्हापूर गाठायचं होतं, त्यामुळे गाडीचं इंजिन चालू ठेवूनच सगळा व्यवहार. मी फ्रेमवर टिचकी मारत होतो, आपल्याला काहीतरी कळतं असा चेहरा करून. त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि फ्रेमच्या नळीला लावला. टक् करून चिकटला. "बघा दादा, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. अस्सल क्रोमोली."

त्या टक् आवाजावर मी बाकीचे साडेएकतीस हजार दिले.

आता हसू येतं. ४१३० पोलादात क्रोमियम असतं एक टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम त्याहूनही कमी, बाकी जवळजवळ सगळं लोखंड. चुंबक क्रोमोलीला चिकटतो, साध्या पोलादाला चिकटतो आणि माझ्या अंगणाच्या फाटकालाही चिकटतो. चुंबकाने फार तर एवढं कळतं की ही ॲल्युमिनियमची नाही. चुंबकाने खोटं काहीच सांगितलं नाही, फक्त मला नको असलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

आठवड्याने निघालो. जैतापूर, पूर्णगड, पावस करत दुसऱ्या दिवशी रत्नागिरी. पाठीमागे दोन झोळ्या, चौदा किलो. सायकल छान पळत होती, हे कबूल करायला हवं. तिसऱ्या दिवशी सकाळी आरे-वारेच्या वळणांवर आलो. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे: दोन्ही हाताला समुद्र दिसायला लागतो आणि नेमका तिथेच उतार. ब्रेक धरून उतरत होतो. मागून आधी फट्-फट् असा घासल्याचा आवाज आला, मी खाली बघेपर्यंत धडाम. बंदुकीच्या बारासारखा. मागचं चाक डावीकडे सरकलं. माझं नशीब की वेग कमी होता आणि मागून गाडी नव्हती. गुडघा आणि कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पुढचा टायर फुटला असता तर हे लिहायला मी नसतो.

टायर बाजूने फाटला होता, रिमच्या कडेला लागून, चार बोटं लांब. त्या आधी तिथे फुगा आला असणार आणि तोच ब्रेकच्या रबराला घासत होता.

सायकल हातात धरून पुढच्या गावापर्यंत चालत गेलो. तिथे टपरीवजा दुकानात एक म्हातारे काका पंक्चर काढत बसले होते. त्यांनी एकाच लिव्हरने, खरं तर अर्ध्या अंगठ्याने, टायर उतरवला. हे पहिलं लक्षात घ्या. खरा मॅरेथॉन प्लस रिमवर चढवताना-उतरवताना बोटांची सालं निघतात, इतका तो ताठ असतो. काकांनी फाटलेली कड माझ्यापुढे धरली. "ह्यात काय नाय ओ साहेब. नुस्ता रबर नि सूत." मी म्हटलं, यात पंक्चर होऊ नये म्हणून आत पाच मिलिमीटरचा निळा थर असतो. ते काही बोलले नाहीत. कातर घेतली आणि फाटलेल्या जागेपासून टायर आडवा कापला. काप माझ्या तळहातावर ठेवला. काळं रबर, खाली धाग्यांचा एक पापुद्रा, संपलं. निळं काहीच नाही.

मग त्यांनी पेट्रोलचं फडकं घेऊन टायरच्या बाजूवर घासलं. कंपनीचं नाव फडक्यावर आलं. पांढरी, ठळक, सुबक अक्षरं हळूहळू फडक्यावर उतरत होती आणि टायर कोराच राहिला. त्या खाली बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. रबरात साच्यातून आलेलं मूळ नाव कुणीतरी कानशीने घासून काढलं होतं. ३७-६२२ (टायरची रुंदी आणि रिमवर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये) हा आकडाही छापलेलाच, साच्यातला नव्हे. घरी आल्यावर मी पुढचा टायर हवा भरून व्हर्नियरने मोजला. लिहिलं होतं ३७, भरला ३१. रिम अरुंद असली तर एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. सहाचा नाही.

अजून एक गोष्ट, जी मला नांदगावला अंधारातच कळायला हवी होती. मॅरेथॉन प्लसच्या बाजूला जी पांढरी-करडी रेघ असते ती परावर्तक असते. गाडीच्या दिव्यात आरशासारखी चमकते. त्या संध्याकाळी तिठ्यावर इतक्या गाड्या आमच्यावर उजेड टाकत गेल्या. त्याच्या स्वतःच्या गाडीचे दिवेही चालूच होते. रेघ एकदाही चमकली नाही. साधा पांढरा रंग होता तो.

काकांच्या छपराला नवा टायर टांगलेला होता, २८ चा. मी म्हटलं तोच घाला. म्हणाले, "अठ्ठावीसच हाय, पन बसनार नाय. रिम ल्हान हाय तुमची." मला वाटलं काका जुन्या वळणाचे, त्यांना ही नवी चाकं काय कळणार! पण ते बरोबर होते. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा २८ बाय दीड इंची टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. माझ्या ७०० सी रिमचा ६२२. आणि ७०० सी च्या टायरवरही पुष्कळदा '२८' लिहिलेलं असतं. तेरा मिलिमीटरचा फरक; टायर सैल चढतो आणि निसटतो. २६ मध्ये तर याहून गोंधळ: डोंगरी सायकलीचा २६ म्हणजे ५५९, लेडीज सायकलीचा २६ बाय १ ३/८ म्हणजे ५९०. म्हणून टायर घेताना इंच विसरा, तो तीन आकडी व्यास वाचा, आणि तो रबरातच उठलेला असला पाहिजे. काकांना हा आकडा माहीत नव्हता. त्यांनी नवा टायर माझ्या रिमवर नुसता धरून दाखवला आणि परत टांगला. दोनशे-तीनशे रुपयांची विक्री होत होती, ती त्यांनी सोडली.

जुन्या टायरचा तुकडा कापून त्यांनी आतून गेटर घातला, हवा निम्मीच मारली, घेतले साठ रुपये. जयगड राहिलं, फेरीबोट राहिली, गुहागर राहिलं. मिळेल त्या टेम्पोत सायकल घालून घरी.

घरी बायकोने गुडघा बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आंबो हुंगून घेतास, नि टायर स्टिकर वाचून घेतलात?"

मग संशयाने एकेक भाग उघडला. चेन आधी. चेनच्या बारा पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक), पिनेपासून पिनेपर्यंत, नवी असताना बरोबर १२ इंच भरतात. पोलादी पट्टी लावायची. अर्धं सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढली की चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण सूत वाढली की मागचे दातेही तिने खाल्लेले असतात. माझी 'नवीन' चेन एक सुताच्याही पुढे होती. रॉकेलमध्ये धुऊन, तेल देऊन चकचकीत केलेली.

'कॅसेट हब' म्हणजे साधं आट्यांचं, हबवर स्क्रूसारखं फिरवून बसवायचं फ्रीव्हील निघालं. हे कसं ओळखावं ते मला एका मेकॅनिकने दाखवलं: मागचे दाते हाताने उलटे फिरवायचे. मधल्या हत्याराच्या खाचा दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. फ्रीव्हील वाईट असतं असं नाही, गावात दुरुस्त होतं, स्वस्तही आहे. पण सात दातेरी चकत्यांच्या फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रेमपासून बरेच आत राहतात, त्यामुळे ॲक्सल तेवढा अधांतरी असतो. त्यावर माझे अठ्ठ्याहत्तर किलो आणि चौदा किलोचं सामान आलं की ॲक्सल वाकतो. माझा उघडून काचेवर लोळवला, तर डुगडुगत होता.

शेवटी फ्रेम. सीटपोस्ट उपसून मोजला: २५.४ मिलिमीटर. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६. म्हणजे नळीची भिंत दीड मिलिमीटरहून जाड. याच व्यासाच्या चांगल्या क्रोमोली फ्रेममध्ये सहसा २७.२ चा सीटपोस्ट बसतो, कारण नळी पातळ असते. हा काही कोर्टात चालणारा पुरावा नव्हे. पण मग स्टिकरच्या कडेला नख घातलं. स्टिकर वार्निशच्या वरून लावलेला होता, आणि खाली आणखी एका जुन्या स्टिकरच्या डिंकाची चौकट.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. ही फ्रेम टाकाऊ नाही. साधं पोलाद आणि क्रोमोली यांचा ताठरपणा जवळपास सारखाच असतो, फरक ताकदीचा. क्रोमोली जास्त ताकदवान म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि वजन उतरतं. माझी फ्रेम जड आहे, एवढंच. ती मी आजही वापरतो. सीटपोस्ट काढून नळीत आतून तेल सोडलंय, नाहीतर आमच्या खाऱ्या वाऱ्यात ती आतून कधी कुजेल कळणार नाही. अशी सायकल दहा-बारा हजारांना मिळाली असती तर मी खुशीत घेतली असती. फ्रेमच्या खोटेपणाने माझे पैसे गेले. टायरच्या खोटेपणाने जीव जात होता, आणि माझा खरा राग तिथे आहे.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "असं कसं होईल सर? कुरिअर करा, बदलून देतो." नांदगावला दादा होतो, आता सर झालो. कापलेल्या टायरचा फोटो पाठवल्यावर नंबर ब्लॉक. चॅट बघायला गेलो तर त्यात काहीच शिल्लक नाही. त्याने पहिल्याच दिवशी मेसेज आपोआप पुसले जायची सोय चालू करून ठेवली होती आणि माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. बिल नाही. ज्या नावावर पैसे गेले ते भलतंच. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. पैशांची आशा सोडलीय. तुमच्या बाबतीत ऑनलाइन पैसे जाऊन फसवणूक झालीच, तर लगेच, त्याच दिवशी १९३० ला फोन करा. मी दहा दिवसांनी केला.

टायर मी आता दुकानातून बिल घेऊन घेतले. त्याच मॉडेलचे, पण खरे. हातात घेतल्यावर आधी वजनच जाणवलं. चढवताना एक लिव्हर मोडली. बाजूवर 'मेड इन इंडोनेशिया' लिहिलंय. कंपनी जर्मन असली तरी टायर तिकडेच बनतात. माझ्या त्या नकली टायरवर मोठ्या अक्षरांत 'मेड इन जर्मनी' होतं आणि मी ते वाचून खूश झालो होतो.

परवा मालवणच्या एका ओळखीच्या मुलाने फोटो पाठवला. जाहिरात दुसऱ्या नावाची, पण मजकूर तोच, 'टूरिंग रेडी' सकट. विचारत होता, काका, घेऊ का? मी म्हटलं, त्याला सांग, अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून टायरच्या रेघेचा एक फोटो पाठव. मुलाने तसा मेसेज केला. फोटो आला नाही. अर्ध्या तासाने मुलाचाही नंबर ब्लॉक झाला.