यूएसबी डॅक : नऊ महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीत साडेनऊ हजारांचा एक यूएसबी डॅक घेतला. फाइलमधले आकडे हेडफोनला कळतील अशा विद्युत लहरींत बदलणारी ही छोटी डबी. काम सॉफ्टवेअरचं, दिवसाचे आठ तास कानावर हेडफोन, त्यामुळे खर्च जिवावर आला नाही.

पहिला फरक लगेच कळला. लॅपटॉपच्या जॅकमधून कायम एक बारीक सरसर यायची. मोठं कंपाइल (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर) सुरू झालं की तिचा सूरही बदलायचा. ती साफ गेली. रात्री तानपुरा लावून बसतो तेव्हा जवारीचा झंकार विरेपर्यंत ऐकू येतो. तेवढ्यावरच माझे पैसे वसूल झाले.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झचा मात्र मला काडीचाही उपयोग झालेला नाही. १९८२ मध्ये सीडी आली ती ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट घेऊन, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं (सॅम्पल; हा झाला सॅम्पल रेट) आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिलेलं. सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या आतले सगळे सूर त्यात बसतात, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे. माणसाचा कान फार तर २० पर्यंत जातो. बिटामागे साधारण ६ डेसिबल धरले की १६ बिटांत अगदी हळू ते अगदी मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये एवढी शांतता मिळणार कुठून? मेयर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून गाळलेलं, यांतला फरक ऐकणाऱ्यांना ५५४ पैकी २७६ वेळाच ओळखता आला. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं.

आवाजाची खरी नासाडी मी पाहिली ती माझ्याच कोडमध्ये. वडील भजनी मंडळात टाळ वाजवायचे. त्यांच्या कॅसेटी डिजिटल करताना डावा-उजवा चॅनेल एकत्र करायला पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहिली : बेरीज करायची, दोनने भागायचं. ऐकायला बसलो तर टाळ जोरात पडले की तडतड. डॅकच खराब समजून दुकानात नेला, त्यांनी बदलूनही दिला. तडतड तशीच. शेवटी सॅम्पल एकेक छापून पाहिली. एका ठिकाणी डावीकडे २०,०००, उजवीकडे २१,०००. सरासरी २०,५०० यायला हवी, आली उणे १२,२६८! १६ बिटांच्या पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही. बेरीज ४१,००० झाली आणि गुपचूप उलटून ऋण बाजूला गेली. पायथॉनमधलं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय अशा वेळी ॲरेच्या (आकड्यांच्या रांगांच्या) बेरजेत चकार शब्द काढत नाही. आधी फ्लोटमध्ये (दशांश चिन्हाच्या आकड्यांत) बदला, सगळं गणित तिथे करा, परत १६ बिटांत आणताना डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) घाला. एका ओळीच्या त्या चुकीपायी दोन आठवडे गेले, आणि जगातला कुठलाही महागडा डॅक ती झाकू शकला नसता.

डॅकबद्दल तक्रार एकच, आणि तीही अर्धी माझ्या लिनक्सची. पाच सेकंद आवाज नसला की सिस्टीम डॅकला झोपवते, आणि जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो. मीटिंगमध्ये ‘नमस्कार’चा फक्त ‘स्कार’ ऐकू यायचा. झोपवण्याची मुदत शून्य केली, प्रश्न मिटला. लिनक्सवर आवाज हाताळणारं पाइपवायर मुळात सगळं ४८ किलोहर्ट्झवर नेतं. त्याच्या परवानगी असलेल्या दरांच्या यादीत ४४,१०० घातल्यावर सीडीच्या फाइली न बदलता डॅकपर्यंत जातात. कानाला फरक पडला का? मला तरी नाही, पण विनाकारण फेरगणित नको.

एमपीथ्रीबद्दल खूप बोललं जातं, म्हणून आवाजाची पातळी सारखी ठेवून, मूळ की एमपीथ्री, कुठली फाइल वाजतेय ते लपवणारी तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ हजार बिट) १६ पैकी १५ वेळा ओळखलं, कारण टाळ पडायच्या आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. २५६ ला १६ पैकी ९. तिथे मी थांबलो. प्रवासात फोनवर आता २५६ च असतं.

मूळ कॅसेटी मात्र फ्लॅकमध्येच (आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) ठेवल्यात. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाचा चेकसम (पडताळणीचा आकडा) साठवलेला असतो, त्यामुळे दर महिन्याला एक कमांड चालवली की एकही बिट हललेला नाही याची खात्री होते. चौदा कॅसेटी झाल्या, सहा बाकी आहेत. त्यातल्या एकीवर वडिलांनी पेन्सिलीने फक्त ‘काकडा’ एवढंच लिहिलंय. पुढच्या रविवारी ती लावणार आहे.