पद्मिनीच्या प्लगच्या वायरी: एकत्र बांधायच्या की सुट्या न्यायच्या?

मालगुंडच्या भाच्याने जुनी 1089 सीसीची पद्मिनी गाडी घेतलीय. स्पार्क प्लगना वीज नेणाऱ्या चारही वायरी टायने आवळून एक जुडी करू, की क्लिपांमधून सुट्या नेऊ, यात तो अडकलाय.

खर्चात फरक किरकोळ. मेहनत क्लिपांना जास्त: प्रत्येक वायर मापात कापा, एक्झॉस्टच्या तापापासून लांब ठेवा.

खरी गंमत पावसाळ्यात कळते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2; तीन नंबरनंतर लगेच चार, तेही शेजारी. त्यांच्या वायरी चिकटून समांतर धावल्या की तीनच्या झटक्याने चारच्या वायरीतही वीज उठते आणि तो सिलिंडर अवेळी पेटू शकतो. त्यात आपली खारी हवा. मागे रात्री अंगणात दिवे मालवून माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर जुडीवर निळ्या ठिणग्या नाचत होत्या! मग वायरींत बोटभर अंतर ठेवलं, ओलांडणं टळेना तिथे काटकोनात ओलांडल्या.

उन्हाळ्यात गावातल्या गावात मिरवायची असेल तर जुडी चालेल, दिसतेही नेटकी. पावसात आंबा घाट चढायचा असेल तर क्लिपाच. आवरण तडकलं असेल तर मात्र दोन्ही बाद, आधी वायरींचा नवा संच घाल.