माशेलच्या एका घरात तीन तारा: फोनची, केबलची, फायबरची

मी गायन शिकवते. गोव्यात माशेलला आमचं जुनं कौलारू घर आहे. मध्ये राजांगण, भिंती चिऱ्याच्या आणि हातभर जाड. २०२० साली लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवणी सुरू केली, ती नंतरही चालूच राहिली. आज सात विद्यार्थी लांबून शिकतात: कुणी पुण्याला, कुणी रत्नागिरीला, एक मुलगी कुवेतला. त्यांच्यापायी या घरात डीएसएल (म्हणजे फोनच्या तारेवरचं नेट), केबल आणि फायबर तिन्ही वापरून झालं. तिन्हींबद्दल मनापासून लिहिते आहे, कारण नेट घेताना जो प्रश्न मला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवा होता तो कुणी विचारलाच नाही: बाई, तुम्हाला नेटवरून जास्त घ्यायचं आहे की पाठवायचं आहे?

जाहिरातीतला मोठा आकडा घरात येणाऱ्या वेगाचा असतो. सिनेमा बघणाऱ्याला तेवढा पुरतो. माझा आवाज आणि माझा तंबोरा मात्र घरातून बाहेर जायचा असतो, आणि तो अपलोडच्या वाटेने जातो.

पहिली तार फोनची. लँडलाईनच्याच तांब्याच्या जोडीवरून बोलणं आणि नेट दोन्ही यायचं, भिंतीवरची छोटी स्प्लिटरची डबी ते वेगळं करायची. या नेटचा प्रकार एडीएसएल टू प्लस, त्याची कागदावरची कमाल २४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे, पण ती एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला. तांब्यात अंतर वाढत गेलं की सिग्नल विरत जातो. आमचं घर तीनेक किलोमीटरवर, तिथे सहा मिळाले तर तो दिवस चांगला म्हणायचा. वर जाणारा, म्हणजे अपलोडचा, वेग ०.८ एमबीपीएस.

हे ०.८ म्हणजे काय, ते मला एका रेकॉर्डिंगने शिकवलं. पाऊण तासाचा भूप, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ, फाइल झाली सुमारे ७८० एमबी. एमबीपीएसमधला बी बिटचा, फाइलच्या एमबीमधला बाइटचा, म्हणून आठने गुणायचं. हिशेबाने दोन तास दहा मिनिटं. प्रत्यक्षात अडीच तास लागले, आणि तेवढा वेळ घरात दुसऱ्या कुणी नेटला हात लावायचा नाही. आज तीच फाइल दीड-दोन मिनिटांत जाते.

तरी फोनच्या तारेबद्दल मी वाईट बोलणार नाही. एक्स्चेंजपर्यंतची जोडी आपल्या एकट्याची असते, त्यामुळे संध्याकाळी आळीभर लोक नेटवर बसले तरी आपल्या तारेवरचा वेग तोच. लाइट गेली तरी साधा फोन चालायचा, त्याला वीज एक्स्चेंजकडून येते. तिला मारलं ते आमच्या पावसाने. जोडावर पाणी चढलं की फोनमध्ये खरखर सुरू, आणि खरखर ऐकू आली की दहा मिनिटांत नेट तुटणार हे ठरलेलं. मग एका मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, वीज कडाडली आणि मॉडेम जळला. तांब्यातून विजेचा झटका घरापर्यंत येतो. त्या दिवसापासून आभाळ गडगडलं की मी तार काढून ठेवायची, म्हणजे तास बंद.

दुसरी तार केबल टीव्हीवाल्याची. ५० एमबीपीएसचा प्लॅन, दुपारी खरोखर ५० मिळायचे. मला आनंद झाला होता. पण टीव्हीच्या जाड तारेत आळीतल्या सगळ्या घरांचा वाटा एकत्र असतो, आणि त्यात वर जाण्यासाठी ठेवलेला पट्टा अगदी अरुंद. शेजारच्या घरात कनेक्टर सैल असला तरी त्याचा गोंगाट त्याच पट्ट्यात मिसळतो. रात्री आठला कुवेतच्या मुलीचा तास. आठ वाजता माझा तार षड्ज तिकडे तुकड्यातुकड्यांनी पोचायचा. 'बाई, मींड ऐकूच नाही आली,' असं ती म्हणाली त्या रात्री मला झोप लागली नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हीच तर शिकवायची होती.

त्याहून मोठी अडचण लाइटची. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मॉडेम चालू राहायचा, पण नेट नाही. केबलच्या वाटेवर मध्ये अॅम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते, आणि आमच्या वाटेवरचा दुसऱ्या वाड्यातल्या कुणाच्या तरी मीटरवर जोडलेला होता. फोन केला की तारवाला पोरगा शांतपणे सांगायचा, 'बाय, थंय लायट ना' (बाई, तिथे लाइट नाही). त्याचा दोष नव्हता. पण पावसाळ्यात माडाची झावळी तारांवर पडून कुठली ना कुठली लाइट रोजच जाते. केबल घेणार असाल तर एवढं एक विचारा: मधल्या पेटीला वीज कुठून येते, आणि तिथे बॅटरी आहे का. ज्यांच्याकडे बॅटरी आहे आणि जे फक्त बघण्यासाठी नेट वापरतात त्यांना केबल पुरेल. मला पुरली नाही.

तिसरी तार फायबरची, आमच्या गावच्या आषाढातल्या चिखलकाल्याच्या सणाच्या आठवड्यात आली. बाहेर धो धो पाऊस आणि दोन मुलं रेनकोट घालून शिडीवर. सोप्यात बसून एकाने वायर सोलली ते मी अगदी जवळून पाहिलं. आतली काच ०.१२५ मिलिमीटर, केसाएवढी. त्याने ती स्पिरिटच्या कापसाने पुसली, पुसताना बारीक कुंईं आवाज आला. 'आवाज आला म्हणजे स्वच्छ झाली,' तो म्हणाला. मग सरळ कापून टोक यंत्रात ठेवलं. पडद्यावर दोन टोकं समोरासमोर दिसली, एक ठिणगी, आणि जोड नाहीसा झाला. मीटरवर पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे एकवीस (डीबीएम). उणे सत्तावीसच्या खाली गेलं की घरातल्या फायबरच्या पेटीला (मॉडेमला) प्रकाश कळेनासा होतो, असं त्यानेच सांगितलं. हा आकडा विचारून वहीत लिहून ठेवा.

दुसऱ्याने मात्र उरलेली तार गुंडाळून खिडकीच्या चौकटीमागे दाबून बसवली. चार दिवसांत नेट लटपटायला लागलं. पुन्हा मोजलं तर उणे सव्वीस. काच तीव्र वाकली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वेटोळं बशीएवढं मोठं केलं आणि आकडा परत एकवीसवर आला. दोन फोन केल्यावर माणूस आला, उशीर झाला, पण काम नीट केलं.

फायबर तरी एकट्याचं कुठे असतं? जीपॉन या फायबरच्या नेहमीच्या पद्धतीत खाली येणारे सुमारे २.५ गीगाबिट आणि वर जाणारे सव्वा गीगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. पण वाटा एवढा मोठा आहे की रात्री आठलाही माझे १०० एमबीपीएस वर, १०० खाली कायम असतात. प्लॅन घेताना वर जाणारा वेग सारखाच आहे ना, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. महिन्याच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो.

आणि प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. काचेचाच तुकडा तो. कंपनीच्या टोकाला बॅकअप असला आणि माझ्या पेटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असला की माशेलभर अंधार असतानाही तास चालतो. गेल्या आषाढात कंदिलाच्या उजेडात मियाँ की मल्हार शिकवला आहे मी. काचेतून विजेचा झटका येत नाही, मात्र बाहेरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरला आधाराची स्टीलची तार असते, ती भिंतीबाहेरच तोडायला सांगा. अॅडॅप्टर वीजवाहिनीवर असतोच, त्यामुळे कडाडायला लागलं की तो मी अजूनही काढते, पेटी यूपीएसवर.

चिऱ्याच्या भिंतींचं वेगळं सांगते. पेटी सोप्यात लावायचा फायबरवाल्यांचा आग्रह होता, तार कमी लागते म्हणून. मी नाही म्हटलं. ५ गीगाहर्ट्झचा वायफाय आमच्या दोन भिंती ओलांडत नाही. पेटी शिकवायच्या खोलीत घेतली आणि लॅपटॉपला लॅनची वायर जोडली. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केला, नाहीतर ते तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून पुसून टाकतं. पहिल्या वर्षी माझे सगळे विद्यार्थी तंबोऱ्याशिवाय गात होते आणि मला पत्ताच नव्हता, याचं आजही वाईट वाटतं. एकत्र वाजवणं मात्र फायबरवरही जमत नाही, आवाज जायला-यायला वेळ लागतोच. मी गाते, मग ती गाते, तिचा तंबोरा तिच्या घरी.

सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस धरतात. हे आकडेही खाली येणाऱ्या वेगाचेच आहेत. गाणारे, शिकवणारे, घरून काम करणारे यांनी वर जाणाऱ्या वेगाची चौकशी करायलाच हवी.

फायबर दाराशी पोचलं असेल तर दुसरं काही बघू नका. माझी भाची सत्तरी तालुक्यात डोंगराकडच्या वाड्यावर राहते, तिच्याकडे अजून लँडलाईनवरचंच नेट आहे. ते मी तिला बंद करू दिलेलं नाही. ती दहा मिनिटांचा रियाज एमपीथ्री करून पाठवते, १२८ केबीपीएसवर तो दहा एमबीच्या आत बसतो आणि तिच्या तारेवरूनही दोनेक मिनिटांत येतो. मंगळवारी तिचा यमन येतो, बुधवारी सकाळी मी चुका गाऊन दाखवून परत पाठवते. कालच्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा तीव्र मध्यम पहिल्यांदा नीट लागला आहे.