प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम: गोळी चोख, पट्टी मुकी

गोळे कॉलनीच्या घाऊक बाजारापासून सिडकोतल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत नाशकात कुठेही मिळणारी ही स्वस्त स्टिरॉइड गोळी. दमा असो वा संधिवात, कामाला बोल नाही. सूज पेटवणारे संकेत ती पेशीच्या आतच दाबते.

खोट आहे ती पट्टीत. लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय विकू नये, एवढंच त्यावर छापलेलं. घ्यायची कधी, सोडायची कशी, यावर अक्षर नाही. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, सकाळी आठच्या सुमारास चढलेलं असतं, म्हणून गोळी सहसा न्याहारीनंतर देतात. रात्री घेतली तर झोप उडतेच, शिवाय मेंदूकडून कॉर्टिसॉल बनवणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथीला जाणारा पहाटेचा हुकूम, म्हणजे एसीटीएच, दबतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालली की ग्रंथी सुस्तावू शकते. मग बरं वाटलं म्हणून एकदम सोडली, तर चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं. डोस डॉक्टरांनी सांगितलेल्या टप्प्यांनीच उतरवायचा.

‘हीच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणत दुसरं स्टिरॉइड हातात दिलं तर घेऊ नका. प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम म्हणजे डेक्सामेथासोन साधारण ०.७५. डेक्साची ४ मिलिग्रॅमची एकच गोळी प्रेडनिसोलोनच्या अशा पाच गोळ्यांना भारी पडते.

प्रतिकारशक्तीचा हिशोब सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, फसवा दिसतो. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी घटतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटून रक्तात फिरतात, म्हणून एकूण काउंट वाढलेला येतो. सैन्य रस्त्यावर दिसतं, पण जंतू आहे त्या जागी पोचत नाही. तापही दबतो, तेव्हा ‘ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे गणित इथे चालत नाही. रोज १५ मिलिग्रॅम महिनाभर किंवा जास्त चालणार असेल तर सुप्त टीबी उठण्याचा धोका असतो. छातीच्या एक्स-रेबद्दल आधीच विचारा. रोज २० मिलिग्रॅम दोन आठवडे झाले की जिवंत विषाणूंच्या लसी थांबवतात. आणि गुडघेदुखीची बिननावाची पुडी दोन दिवसांत गुण देत असेल, तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

डोस उतरवताना ग्रंथी जागी झाली का, हे सकाळी ८ ते ९ च्या कॉर्टिसॉलवरून पाहतात. प्रेडनिसोलोन बऱ्याच चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं आणि आकडा फुगतो. आदला डोस किती तास आधी हवा, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. लॅबचा माणूस अकराला उगवला, तर चहा पाजून परत पाठवा.