गॅरंटी होती, फक्त पेटीला हात लावायचा नव्हता

१६५ पौंड गेले. त्याचं दुःख आता ओसरलंय, पण ते ज्या रीतीने गेले ती आठवली की अजून चडफड होते. म्हणून हे लिहितोय.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. चिरंजीवांना दहाव्या वाढदिवसाला कुत्रा हवा होता, घरमालकाला तो चालणार नव्हता. दोन महिन्यांच्या वाटाघाटींनंतर तह झाला तो टॅरँट्युलावर, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यावर. बायको म्हणाली, "भुंकत नाही आणि फिरवून आणावा लागत नाही, एवढं मला पुरे." इथे हा छंद चांगलाच रुळलेला आहे आणि आम्ही निवडलेल्या जातीला परवानाही लागत नाही.

जात होती पिंकटो, शास्त्रीय नाव अ‍ॅव्हिक्युलेरिया अ‍ॅव्हिक्युलेरिया. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, झाडावर राहणारा कोळी. काळा, मखमली, आणि पावलांची टोकं आळता लावल्यासारखी गुलाबी. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या सुरिनामच्या चित्रांत तो चक्क पेरूच्या फांदीवर बसून एका चिमुकल्या पक्ष्याला खाताना दाखवलाय. त्या लॅटिन नावात 'पक्षी' आहे, तो तिथूनच आला. विक्रेत्याने "मादी आहे" असं छातीठोक सांगितल्यामुळे मुलाने आधीच बारसं उरकलं होतं: गुलाबबाई.

विक्रेता कोण ते सांगत नाही. जाहिरातीत दुकानासारखं नाव होतं, शिक्का होता, 'झाडावरच्या कोळ्यासाठी तयार पेटी' असा मथळा होता. फोटो सुरेख. उभी पेटी, त्यात मागच्या भिंतीला टेकवलेली बुचाची साल, वरच्या टोकाला प्लास्टिकची पानं आणि पानांच्या आड रेशमाची पांढरी नळी. पेटी आणि कोळी मिळून १७५ पौंड, थेट बँकेत पैसे भरले तर १० कमी. शिवाय ३० दिवस कोळी जिवंत राहण्याची गॅरंटी. अट एकच: आम्ही लावून दिलेली मांडणी बदलायची नाही. मला ती अट वाचून उलट बरं वाटलं. म्हटलं, माणूस जबाबदार दिसतोय.

पेटी आली ती उभीच होती, ३० सेंटिमीटर उंच. पण साल आडवी, तळाच्या नारळाच्या भुशावर पालथी घातलेल्या होडीसारखी, आणि गोंदाने पक्की चिकटवलेली. मी विचारलं तर उत्तर आलं, "प्रवासात हलू नये म्हणून. तिला सवय होईल."

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण एवढं आधी ठाऊक असतं तर मी पेटी त्याच दिवशी परत पाठवली असती. लपायच्या जागेला या छंदातले लोक 'हाइड' म्हणतात. जमिनीवरच्या टॅरँट्युलाला बीळ हवं असतं, त्यामुळे त्याची हाइड तळाशी असते. पिंकटो बिळात जात नाही. तो उंच जागा शोधतो आणि साल, पान, भिंत असे दोन-तीन आधार जवळजवळ मिळाले की त्यांच्यामध्ये रेशमाची नळी विणून आत बसतो. म्हणून साल उभी किंवा किंचित कललेली हवी, खालचं टोक भुशात रोवलेलं आणि वरचं झाकणापासून चार-पाच सेंटिमीटर खाली. पानं त्या वरच्या तोंडापाशी. दार समोर असेल तर हाइड दारापासून दूर, मागे. आणि हवा आरपार खेळायला हवी, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना भोकं. कोंदट ओल या जातीला अजिबात मानवत नाही.

आमच्या पेटीला भोकं होती ती फक्त झाकणाला, आणि पेटी उघडायचीही वरूनच. पाण्याच्या वाटीत ओला स्पंज.

गुलाबबाईंनी तळातल्या त्या होडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्याच रात्री त्या झाकणाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि झाकण व भिंत यांच्यामध्ये विणायला लागल्या. आता रातकिडा टाकायला झाकण उचललं की घर फाटणार. आम्ही ते पाच वेळा फाडलं. पाचव्या वेळेनंतर तिने विणणंच सोडलं, नुसती काचेला चिकटून राहायची. आठव्या दिवशी मी पाणी फवारलं तर 'साली'चा तपकिरी रंग ओघळून भुशात उतरला. नखाने खरवडून पाहिलं. बूच कसलं, रंगवलेला फोम होता.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर: "धीर धरा." तेराव्या दिवशी माझाच धीर सुटला. फोमचं ते सोंग उपटून टाकलं, जवळच्या गावातून खरी बुचाची साल आणली, उभी रोवली, वर पानं लावली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर पेटी ठेवून फोटो काढला. दोन दिवसांत तिने पानांआड विणायला सुरुवात केली. मी आनंदाने तो फोटो विक्रेत्याला पाठवला. बघा, अशी लावायला हवी होती! याला म्हणतात स्वतःच्या पायावर धोंडा.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती तळाशी पडली होती, पाय पोटाखाली आवळलेले. कोंदटपणाने, त्या रंगाने की आणखी कशाने, मी सांगू शकत नाही. मुलगा शाळेत गेला नाही.

गॅरंटी मागितली तेव्हा माझाच फोटो मला परत आला. खाली एक ओळ: "मांडणी बदललेली आहे, गॅरंटी रद्द." तेव्हा कुठे त्या अटीचा अर्थ उमगला. मांडणी तशीच ठेवली तर कोळी जगणं कठीण, आणि बदलली तर पैसे बुडाले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानेच खणलेली.

मग कायदा वाचत बसलो. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते, आणि असली अट घालून तो हक्क काढून घेता येत नाही. हे कळवताच महाशयांनी टोपी फिरवली: "मी दुकानदार नाही, हौशी माणूस आहे." खासगी विक्रेत्याला दर्जाचा नियम लागत नाही, वस्तू वर्णनाप्रमाणे हवी एवढंच. आता रंगवलेल्या फोमला बूच म्हणणं कुठल्या वर्णनात बसतं? पण पत्ता नाही, नोंदणी नाही, तर दावा कुणावर लावणार? बँक म्हणाली, माल मिळालाय, हा खरेदीचा वाद आहे. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १०० पौंडांवरच्या खरेदीत १९७४च्या ग्राहक पत कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरण्याची वाट होती. ती वाट मी १० पौंडांच्या सवलतीत विकली होती.

पुढे एका प्रदर्शनात जुन्या जाणत्या पाळणाऱ्या बाईंना मी पेटीचे फोटो दाखवले. त्यांनी पहिल्यांदा झाकण पाहिलं, मग साल, आणि विचारलं, "टाकलेल्या कातीचा फोटो दिला होता का?" नव्हता. एवढ्या लहान पिंकटोची नर-मादी नुसत्या नजरेने छातीठोक सांगता येत नाही, कात भिंगाखाली पाहावी लागते. म्हणजे बाई की राव, तेही गुलदस्त्यातच.

हे फोटो पाहून पुण्याच्या भाच्याने फोन केला, "मामा, मला इथे निळा कोळी मिळतोय." त्याला तिथल्या तिथे झापलं. तो निळा म्हणजे आंध्रातल्या गुत्तीच्या नावाने ओळखला जाणारा, नामशेष व्हायच्या उंबरठ्यावरचा कोळी. त्याच्या साऱ्या पीसिलोथेरिया गटाचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोल्यांत राहणाऱ्या भाऊबंदांचाही, परदेशी व्यापार २०१९पासून आंतरराष्ट्रीय नियमांखाली आहे. असा कोळी कागदांशिवाय मिळतोय म्हणजे तो बहुधा कुणीतरी जंगलातून उचललाय.

गेल्या महिन्यात चिरंजीवांनी मला टॅबलेट आणून दाखवला. तोच विक्रेता, नाव नवीन, तीच 'तयार पेटी', किंमत आता १८५. फोटोत उभी बुचाची साल, वर पानं, पानांआड पांढरं रेशीम. आणि मागे कोपऱ्यात, अर्धा कापला गेलेला, आमच्या सासूबाईंनी दिलेला स्टीलचा मिसळणाचा डबा.