मनपाची शाळा, पंचवीस टक्क्यांची जागा की विशेष शाळा: नागपुरातील दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी तुलनात्मक आढावा

शिक्षणहक्क कायद्याखालील (आरटीई) प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जांची चर्चा सुरू झाली, की नागपुरातील वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो. घरात पाच-सहा वर्षांचे दिव्यांग मूल आहे, उत्पन्न बेताचे आहे, वडील ई-रिक्षा चालवतात किंवा आई चार घरी धुणीभांडी करते. अशा मुलाला मनपाच्या शाळेत घालावे, खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्क्यांतून इंग्रजी शाळेत जागा मिळते का ते पाहावे, की सरळ विशेष शाळेत न्यावे? पूर्व नागपुरातील अशा पालकांसोबत मी काही वर्षांपासून शाळा-शाळांत जात असतो आणि त्यातून माझे एक मत बनले आहे. बहुतेक मुलांसाठी घराजवळची मनपाची किंवा जिल्हा परिषदेची शाळा हाच पहिला पर्याय असावा, मात्र तेथे दिव्यांग मुलांना शिकवणारा विशेष शिक्षक खरोखर येत असला पाहिजे. कर्णबधिर आणि पूर्ण अंध मुलांची सुरुवातीची वर्षे याला अपवाद आहेत. पंचवीस टक्क्यांची जागा मोहात पाडणारी असली, तरी ती सर्वांत जास्त चौकशी करून घ्यावी.

आधी कायद्याविषयी थोडे, कारण त्यावर पालकांची बोलण्याची ताकद अवलंबून असते. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश वंचित घटकात झाला. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आला. या अधिनियमाच्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या मुलाला परिसरातील शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. निवड मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नव्हे. ‘अशा मुलांची वेगळी शाळा असते, तिकडे जा’ असे प्रवेशाच्या टेबलावरून कोणी सुचवले, तर तो केवळ सल्ला समजावा; तो मानण्याचे बंधन पालकांवर नाही.

मनपाच्या शाळेची मोठी जमेची बाजू म्हणजे अंतर, आणि ज्या घरात रोजंदारी बुडवणे परवडत नाही तेथे हीच बाजू निर्णायक ठरते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला रोज दोन वेळा उचलून न्यावे लागत असेल, तर अर्ध्या किलोमीटरवरची साधारण शाळा ही सहा किलोमीटरवरच्या उत्तम शाळेपेक्षा अधिक उपयोगी, कारण त्या उत्तम शाळेतील त्याची हजेरी दिवाळीनंतर गळू लागते. याशिवाय आठवीपर्यंत शालेय पोषण आहार, मोफत पाठ्यपुस्तके आणि फी नावाची गोष्टच नसणे, यांचा महिन्याच्या हिशेबावर खरा परिणाम होतो. दुसरी बाजू भाषेची आहे. आपल्याकडे अनेक घरांत मराठी आणि हिंदी मिसळून बोलली जाते आणि मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या असल्याने घरची भाषा शाळेत चालू ठेवता येते. ज्या मुलाचे बोलणेच उशिरा सुरू झाले आहे, त्याच्यासाठी याचे मोल फार आहे.

उणीव शिक्षकांची आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समग्र शिक्षा योजनेतून दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी साहित्य, मदतनीस व प्रवास भत्ता, मुलींना महिना 200 रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता आणि विशेष शिक्षकांच्या भेटी अशी तरतूद आहे. परंतु विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा सोपवलेल्या असतात आणि तो एका मुलाच्या वाट्याला किती वेळ येतो, हे शाळेगणिक बदलते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. प्रत्यक्षात त्या शाळेत काय चालते हे पाहायचे असेल, तर मुख्याध्यापकांना ‘विशेष शिक्षक आहेत का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर होकारार्थीच येते. ते मागच्या महिन्यात कोणत्या दिवशी आले होते, कोणत्या मुलासोबत बसले आणि त्याची नोंदवही कोठे आहे, हे विचारावे. वही दाखवली गेली, तर त्या शाळेवर भरवसा ठेवण्यास आधार आहे.

इमारत पाहतानाही असेच बारकाईने पाहावे लागते. रॅम्प बहुतेक शाळांत बांधलेला आढळतो. प्रश्न तो कोठे संपतो हा असतो. एका शाळेत व्हरांड्यापर्यंत उत्तम रॅम्प होता, कठडाही होता, पण व्हरांडा आणि पहिलीचा वर्ग यांच्यामध्ये वीतभर उंचीचा उंबरठा होता आणि स्वच्छतागृहाचे दार आत उघडत असल्याने व्हीलचेअर आत गेल्यावर ते लागतच नव्हते. आई शाळेबाहेर थांबणार नसेल, तर ते मूल दिवसभर पाणी पिणार नाही, हे त्या दारावरूनच कळले. त्याच शाळेतील दुसरीच्या बाई मात्र फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारत होत्या. वर्गात अल्पदृष्टीची एक मुलगी दुसऱ्या बाकावर बसली होती आणि तिच्यासाठी पुस्तकाचे पान झेरॉक्सवर मोठे करून घेतले होते. उंबरठा फोडायला एक गवंडी आणि अर्धा दिवस पुरतो. त्या बाईंची सवय तशी कामाला लावून मिळत नाही, म्हणून माझा कौल त्या शाळेच्या बाजूने गेला आणि दाराचा अर्ज आम्ही प्रवेशासोबतच दिला.

पंचवीस टक्क्यांच्या जागेचे आकर्षण मला पूर्ण समजते. खासगी विनाअनुदानित शाळेच्या प्रवेशस्तरावरील एकचतुर्थांश जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी असतात. दुर्बल घटकासाठी एक लाख रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, पण दिव्यांग बालक वंचित घटकात येत असल्याने 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र असल्यास त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही गोष्ट अनेक पालकांना माहीतच नसते आणि ते तहसील कार्यालयात हेलपाटे घालत राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला, त्यामुळे हा मार्ग आज खुला आहे.

तरीही या मार्गाच्या काही मर्यादा प्रवेशाच्या आनंदात नजरेआड होतात. ही जागा केवळ प्रवेशस्तरावर, म्हणजे नर्सरी किंवा पहिलीला मिळते. गरीब घरातील मुलाचे दिव्यांगत्व, विशेषतः स्वमग्नता किंवा सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व, पुष्कळदा सातव्या-आठव्या वर्षी लक्षात येते आणि तोपर्यंत हे दार बंद झालेले असते. शिकवण्याचे शुल्क माफ असले, तरी स्कूलबस, स्नेहसंमेलनाचा पोशाख, प्रकल्पाचे साहित्य असे खर्च घरावर येतात; आणि मुलासोबत वर्गात बसायला ‘शॅडो टीचर’ आणा, अशी मागणी शाळेने केली, तर त्या व्यक्तीचा पगार घरच्या उत्पन्नाएवढाही होऊ शकतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 13 नुसार निषिद्ध आहे, त्यामुळे ‘आधी मुलाला निरीक्षणासाठी आणा’ असे कोणी म्हटल्यास तसे लेखी मागावे. याहून मोठा प्रश्न आठवीनंतरचा आहे. मोफत शिक्षणाची हमी तेथे संपते आणि नववीची पूर्ण फी समोर येते, नेमकी अशा वयात, जेव्हा नवी शाळा आणि नवे वर्गमित्र स्वीकारणे दिव्यांग मुलाला सर्वांत जड जाते. 18 वर्षांपर्यंतचा हक्क 2016 च्या अधिनियमाने दिला असला, तरी खासगी शाळेच्या काउंटरवर तो आपोआप लागू होईल असे समजू नये.

मग ही जागा घ्यावी तरी कोणी? माझ्या मते, ज्या मुलाचे दिव्यांगत्व मुख्यतः हालचालीचे आहे, बोलणे आणि समज वयानुरूप आहे, शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आहे आणि वर्ग तळमजल्यावर देण्याचे शाळेने लिहून दिले आहे, त्याच्यासाठी ती चांगली आहे. ज्या मुलाला भाषेचीच अडचण आहे, त्याच्यावर घरात कोणी न बोलणारी इंग्रजी पहिल्याच वर्षी लादली, तर दिव्यांगत्वामुळे आलेली अडचण कोणती आणि माध्यमामुळे आलेली कोणती, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

विशेष शाळांच्या बाबतीत नागपूर विदर्भातील इतर गावांपेक्षा सुदैवी आहे. शंकरनगरची मूक-बधिर विद्यालयाची संस्था, दक्षिण अंबाझरी मार्गावरील ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि मातृसेवा संघाची बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीची ‘नंदनवन’ शाळा ही नावे शहरात जुनी आहेत. समावेशित शिक्षणाचा आग्रह धरणारे काही कार्यकर्ते विशेष शाळांना सरसकट विरोध करतात. मला ते पटत नाही. जन्मापासून ऐकू न येणारे मूल ऐकणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवले आणि तेथे कोणालाही सांकेतिक भाषा येत नसेल, तर ते मूल पटावर समाविष्ट आणि प्रत्यक्षात एकटे असते. त्याला पहिली गरज भाषेची आहे आणि ती त्याच भाषेत बोलणाऱ्या मुलांमध्ये वेगाने फुलते. लहान वयात कॉक्लिअर इम्प्लांट झाले असेल आणि वाचा-उपचार नियमित चालू असतील, तर चित्र वेगळे असते. अशा मुलाने शेजारच्या शाळेत जाणेच हिताचे. अंध मुलाचेही असेच आहे. ब्रेल, पांढरी काठी घेऊन चालणे, स्क्रीन रीडर वापरणे ही कौशल्ये आधी पक्की झाली, की तेच मूल सामान्य शाळेत लेखनिक आणि जादा वेळेची सवलत घेऊन दहावी करू शकते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांविषयी मी अधिक सावध आहे. सौम्य स्वरूपात शेजारची प्राथमिक शाळा आणि तीव्र स्वरूपात विशेष शाळा, एवढे सांगता येते; मधल्या मुलांबाबत तिसरी-चौथीपर्यंत शेजारची शाळा आणि नंतर पुन्हा मूल्यमापन हा क्रम मला योग्य वाटतो. विशेष शाळेचे दोन तोटे मात्र मोजलेच पाहिजेत. एक म्हणजे प्रवास. वर्धमाननगरच्या बाजूने आंबेडकर चौकातून मेट्रोने शंकरनगरला थेट जाता येते आणि स्थानकांवर लिफ्ट आहेत, पण वाठोडा किंवा हिंगण्याकडील आतल्या वस्तीतून स्थानकापर्यंत पोहोचणे हाच वेगळा प्रवास आहे. मग निवासी शाळेचा विचार पुढे येतो आणि सहा वर्षांचे मूल घरापासून दूर जाते. दुसरा तोटा असा, की गल्लीतील मुलांना ते मूल ओळखीचेच राहत नाही.

घरी राहून शिक्षण हा चौथा मार्ग कायद्याने केवळ बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी, तोही त्यांचा हक्क म्हणून ठेवला आहे. शाळेला सोयीचे वाटते म्हणून तो सुचवला जात असेल, तर नाकारावा. स्वीकारायचाच असल्यास आठवड्यातून किती वेळा शिक्षक घरी येणार आणि मुलाला महिन्यातून किमान काही वेळा शाळेत नेण्याची सोय कशी होणार, हे आधी ठरवून घ्यावे.

कोणताही मार्ग घेतला, तरी प्रमाणपत्राचे काम सर्वांत आधी करावे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन नोंदणी करून मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत तपासणी होते आणि तारीख मिळण्यात वेळ जातो, म्हणून अर्जांचे वेळापत्रक जाहीर होण्याची वाट न पाहता दिवाळीपूर्वीच सुरुवात करावी. प्रवेश नाकारला गेल्यास नकार लेखी मागावा आणि मनपा हद्दीत मनपाच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे.

दोन पर्यायांत मन अडकले असेल, तर परतीचा रस्ता कोणत्या बाजूने खुला राहतो हेही पाहावे. खासगी किंवा विशेष शाळेतून मनपाच्या शाळेत वर्षाच्या मध्येही येता येते, मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावे लागते आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याला उशीर झाला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. उलट दिशेने, म्हणजे मनपाच्या तिसरीतून खासगी शाळेत पंचवीस टक्क्यांखाली जाण्याची सोय नाही. त्यामुळे पहिलीच्या वयाच्या, सोडतीत नाव आलेल्या आणि वर उल्लेखलेल्या अटींत बसणाऱ्या मुलाने ती जागा घेऊन एक वर्ष पाहण्यात धोका कमी आहे. त्या अटींत न बसणाऱ्या मुलाच्या पालकांनी जूनअखेरीस शाळा उघडण्याच्या आत घराजवळच्या शाळेत जाऊन विशेष शिक्षकांच्या भेटींची वही पाहून घ्यावी.