सिम स्वॅप झालं तेव्हा १९३० आणि संचार साथी किती कामाला आले (इंदूरचा अनुभव)

सिम स्वॅप म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आपल्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून घेणं, मग आपलं सिम बंद पडतं. आधी घाईत असणाऱ्यांसाठी. फोनचं नेटवर्क अचानक गेलंय आणि खात्यातून पैसे निघालेत, अशी परिस्थिती असेल तर हे वाचत बसू नका, घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, बाकी नंतर. माझ्याकडून १९३० ला पाचपैकी साडेचार आणि संचार साथीला (आपल्या नावावरचे मोबाइल नंबर दाखवणारं सरकारी पोर्टल आणि ॲप) साडेतीन. मार्क कुठे कापले ते खाली येईलच.

आम्ही लोकमान्य नगरात राहतो. सासरे (आमचे बाबा) वीज मंडळातून रिटायर झालेत, पेन्शन एका सरकारी बँकेत येते आणि मोबाइल नंबर कित्येक वर्षांपासून तोच, आधार, पॅन, गॅस, एलआयसी सगळं त्याच नंबरवर. एका शनिवारी दुपारी त्यांच्या फोनचं नेटवर्क गेलं आणि घरात कोणाला कळलंच नाही, कारण वायफाय चालू होतं, व्हॉट्सॲपवर मेसेज येत होते, यूट्यूब चालत होतं, आणि त्यांना तसे फोन कमीच येतात. हे मुद्दाम सांगतेय. सिम मेलं तरी वायफायवर फोन अगदी नॉर्मल वाटतो, व्हॉट्सॲपसुद्धा दुसरं कोणी त्या नंबरवर रजिस्टर करेपर्यंत चालूच राहतं. रविवारी संध्याकाळी सासूबाई सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलेल्या, आणि इकडे ह्यांच्या लॅपटॉपवर बाबांच्या ईमेलमध्ये बँकेचे दोन डेबिट अलर्ट लागोपाठ आले. एसएमएस एकही नाही. तिथे लक्षात आलं की बाबांच्या फोनवर तर टॉवरच नाहीये.

शनिवारी सिम गेलं आणि पैसे रविवारी का गेले, हे मला नंतर समजलं आणि ते सगळ्यांना माहीत असायला पाहिजे असं मनापासून वाटतं. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये कंपन्यांना आदेश दिला की डुप्लिकेट सिम चालू झाल्यावर २४ तास त्याच्यावर एसएमएस येणार पण नाही आणि जाणार पण नाही. म्हणजे चोराच्या हातात सिम आलं तरी एसएमएसवरचा ओटीपी त्याला एक दिवस मिळत नाही. हा एक दिवस आपल्यासाठीच ठेवलेला आहे. म्हणून आता आमच्याकडे नियमच झालाय, कोणाचंही नेटवर्क अर्ध्या तासापेक्षा जास्त गायब आणि शेजारी त्याच कंपनीचं सिम चालू आहे, तर फोन एकदा बंद करून चालू करायचा, तरी आलं नाही तर दुसऱ्या फोनवरून कंपनीच्या कस्टमर केअरला लावून सरळ विचारायचं की या नंबरवर सिम बदलायची किंवा ईसिमची (कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम) रिक्वेस्ट आली आहे का. कंपनीकडून सिम बदलायचा मेसेज आला आणि तो आपण मागितला नव्हता, तर तो पण असाच गंभीरपणे घ्यायचा.

आता १९३०. ही गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आधी हिचा नंबर १५५२६० होता. मी माझ्या फोनवरून लावला. हिंदीत बोलतात, शांतपणे विचारतात, कोणता नंबर, कोणती बँक, खाते क्रमांक, किती रक्कम, किती वाजता आणि व्यवहाराचा रेफरन्स नंबर, म्हणजे तो यूटीआर. हे सगळं ईमेल अलर्टमध्ये होतं म्हणून मला पटापट सांगता आलं, ईमेल अलर्ट नसता तर रविवारी रात्री यूटीआर कुठून आणला असता? तर पहिलं काम हेच करा, बँकेचे अलर्ट एसएमएससोबत ईमेलवर पण चालू करून ठेवा.

१९३० ची खरी ताकद त्याच्या मागच्या सिस्टिममध्ये आहे. तुमची तक्रार नोंदली की तिकीट थेट ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे दिसतं, पैसे तिथेच पडलेले असतील तर बँक ते होल्ड करते, पुढे सरकवले असतील तर तिकीट पुढच्या बँकेकडे जातं, आणि असं पैशांच्या मागे मागे ते तिकीट फिरतं. म्हणून मिनिटांना किंमत आहे. चोर लोक भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवतात आणि एटीएममधून काढले की मागे जायला काही उरत नाही. आमच्याकडे दोनपैकी मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात अडकली, लहान रक्कम कॅश होऊन गेली होती.

अर्धा मार्क कापला तो यासाठी की १९३० वर तुमचं सिम बंद होत नाही, ते कंपनीकडूनच करवून घ्यावं लागतं, आणि पॅनिकमध्ये माणसाला वाटतं की एका फोनने सगळं झालं. तसं नाहीये. एकाने १९३० वर बोलायचं, दुसऱ्याने त्याच वेळी कस्टमर केअरला लावून नंबर ब्लॉक करायला सांगायचं, तिसरा असेल तर त्याने बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर नेटबँकिंग, यूपीआय आणि डेबिट कार्ड तिन्ही बंद करायचे. अजून एक, १९३० वर संपर्कासाठी स्वतःचा गेलेला नंबर देऊ नका, कारण तक्रारीचा नंबर एसएमएसने येतो आणि नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पूर्ण तक्रार भरताना लॉगिनला पण ओटीपी लागतो. घरातल्या दुसऱ्याचा नंबर द्या, आम्ही माझा दिला.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये, पण सोमवारी स्टोरमध्ये गेलो तेव्हा समोरच्या मुलाने सांगितलं की डुप्लिकेट सिम दुसऱ्या शहरातल्या काउंटरवरून निघालंय, बाबांच्या आधारच्या कॉपीवर. फोटो बाबांचा नव्हता. एवढ्या वर्षांच्या ग्राहकाचा नंबर असा कोणाच्याही हातात जातो याचा मला अजूनही राग येतो. तुमच्यावर वेळ आली तर तिथे फक्त नवीन सिम घेऊन परत येऊ नका, डुप्लिकेट सिम कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठून निघालं हे लेखी मागा, लगेच नाही दिलं तर लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. बँकेत आणि पोलिसांत हाच कागद सगळ्यात जास्त कामाला येतो कारण तो दाखवतो की त्या वेळी फोन तुमच्या हातात असला तरी नंबर तुमच्याकडे नव्हता. आणि हो, आपलं नवीन सिम चालू झालं की आपल्यालाही २४ तास एसएमएस मिळत नाहीत, तोच नियम, त्यामुळे ओटीपी लागणारी कामं त्या दिवशी ठरवू नका, शाखेत जाऊन करा. एक चांगली गोष्ट अशी की ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने, १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस पोर्टिंग बंद ठेवलंय, म्हणजे चोर नंबर लगेच दुसऱ्या कंपनीत पळवू शकत नाही.

बँकेत काउंटरवर पहिलं वाक्य ऐकलं की ओटीपी बरोबर टाकलाय म्हणजे तुम्हीच दिला असणार. इथे गप्प बसायचं नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात स्पष्ट आहे की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली, आणि अलर्ट मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर मर्यादित. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, ग्राहकाचं नाही. सासरे हे परिपत्रक प्रिंट करून, पेनाने खुणा करून घेऊन गेले होते. लेखी तक्रार, १९३० चा तक्रार नंबर, सिम कंपनीचा कागद, सगळ्याची पोच शिक्क्यासकट घेतली. तात्पुरती रक्कम जमा झाली. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्याला फी नाही, वकील पण लागत नाही.

होल्डवर असलेली रक्कम मात्र आपोआप येत नाही. आमच्या वेळी पोलिसांकडे तक्रार, मग कोर्टात अर्ज आणि कोर्टाची ऑर्डर, मग बँक सोडणार, असं होतं. क्राइम ब्रांचमधल्या एका मॅडमनी आम्हाला अर्ज कसा लिहायचा ते बसवून समजावलं, त्यांचे खूप आभार.

आता संचार साथी. मे २०२३ मध्ये पोर्टल आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ॲप, मराठीतही वापरता येतं, सासूबाईंना ते फार आवडलं. फोनमध्ये आधीपासूनच टाकून द्यायचा आदेश निघाला होता तो डिसेंबर २०२५ मध्ये परत घेतला, त्यामुळे टाकायचं की नाही ही आपली मर्जी. माझं मत विचाराल तर टाका, नाहीतर वेबसाइटवरून तरी वापरा, पण ते कशासाठी आहे हे समजून. तुमच्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते त्यात दिसतं, ओळखीचा नसलेला नंबर असेल तर ‘माझा नंबर नाही’ निवडायचं. एका माणसाच्या नावावर देशभरात जास्तीत जास्त ९ सिम चालतात, जम्मू काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६. बाबांच्या नावावर खरंच एक अनोळखी नंबर निघाला आणि त्याच दिवशी रिपोर्ट केला. ज्या आधारच्या कॉपीवर डुप्लिकेट सिम निघतं त्याच कॉपीवर नवीन सिमही निघू शकतं, म्हणून हे बघणं गरजेचंच आहे. हरवलेला फोन आयएमईआयवरून (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करायची सोय पण इथेच, आणि संशयास्पद कॉल किंवा मेसेज कळवायला ‘चक्षू’.

पण सिम स्वॅप चालू असताना या ॲपचा उपयोग होत नाही, दीड मार्क त्याचा. लॉगिन तुमच्याच नंबरवरच्या ओटीपीने होतं आणि नंबरच चोराकडे आहे. शिवाय डुप्लिकेट सिममध्ये नंबर बदलत नाही, तो तुमच्या नावावर तसाच राहतो, त्यामुळे यादी बघून सगळं ठीक वाटेल. चक्षूवर पण पैसे गेल्याची तक्रार चालत नाही, ते १९३० वरच पाठवतात. दर दोन तीन महिन्यांनी यादी तपासायला हे उत्तम आहे, पण गजर म्हणून याच्यावर विसंबू नका.

पैशांच्या मागे धावताना ईमेल विसरायला होतं, आणि खरं तर आधी ईमेल पाहिजे. ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे तो ‘पासवर्ड विसरलो’ दाबून तुमच्या मेलमध्ये शिरू शकतो आणि मेलमधून बाकी सगळीकडे. आम्ही त्याच रात्री पासवर्ड बदलला, सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट केलं, रिकव्हरीला लावलेला नंबर काढला आणि फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासले, कारण बँकेचे मेल आपोआप डिलीट होतील असा फिल्टर लावून ठेवणं ही जुनी युक्ती आहे. मग टू स्टेप व्हेरिफिकेशन एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनमध्येच लॉगिनचा कोड दाखवणारं ॲप) नेलं. गूगल ८ आकड्यांचे १० बॅकअप कोड देतं, ते छापून सासऱ्यांनी पेन्शनच्या फाइलमध्ये लावले. व्हॉट्सॲपला ६ आकड्यांचा टू स्टेप पिन. आधारचं बायोमेट्रिक लॉक. आणि झेरॉक्सच्या दुकानात पूर्ण आधार द्यायचं बंद, यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून मास्क्ड आधार निघतं ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, जिथे चालतं तिथे तेच.

जेल रोडच्या मोबाइल मार्केटमध्ये एकाने सांगितलं की सिमला पिन लावा म्हणजे स्वॅप होणार नाही. सिम पिन लावा जरूर, फोन चोरीला गेला आणि सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर तो अडवतो, तीनदा चुकला की पीयूके (सिम उघडायचा कोड) मागतो. पण डुप्लिकेट सिम हे नवीनच कार्ड असतं, त्याला तुमचा पिन माहीत नसतो, त्यामुळे तिथे याचा काही फायदा नाही.

सगळ्यात मोठा बदल आम्ही नंबरमध्येच केला. सासऱ्यांचा जुना नंबर नातेवाइकांसाठी, दूधवाल्यासाठी, सोसायटीसाठी. बँकेला आणि आधारला एक वेगळा नंबर दिलाय जो दुसऱ्या कोणालाही दिलेला नाही, कोणत्या दुकानाच्या बिलावर नाही, कोणत्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नाही, आणि तो घरातल्याच एका जुन्या साध्या बटणाच्या फोनमध्ये चालतो. फक्त एक सांभाळायचं, ९० दिवस वापरच नसेल तर कंपनी नंबर बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून छोटा का होईना रिचार्ज आणि महिन्यातून एखादा कॉल. सासरे पेन्शन आली की त्याच फोनवरून सासूबाईंना एक मिस्ड कॉल नाही, पूर्ण कॉल करतात.